वाचननोंद: ‘द लायन्स ऑफ अल-रसान’ आणि एका पिढीत मावलेली सातशे वर्षं

मध्ययुगावर बेतलेल्या भव्य फॅन्टसी कादंबऱ्या त्यांच्या मूळ इतिहासाच्या शेजारी ठेवून वाचायच्या, हा माझा उपक्रम आता स्पेनपर्यंत आला आहे. या टप्प्याचं पुस्तक म्हणजे गाय गॅव्ह्रियल के या कॅनेडियन लेखकाचं ‘द लायन्स ऑफ अल-रसान’, १९९५ सालचं. वाचून झालं, नोंदवही भरली, आणि तरी काही प्रकरणांकडे परत जाणं थांबलेलं नाही. शेवट फोडणार नाही. सुरुवातीच्या घटना आणि त्यांच्यामागचा इतिहास यांबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिते आहे. ज्यांना अगदी कोरं राहून वाचायचं आहे त्यांनी आधी पुस्तक उघडावं.

के यांनी तरुणपणी ऑक्सफर्डला जाऊन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द सिल्मरिलियन’च्या संपादनात त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर टॉल्किन यांना मदत केली होती. ते पुस्तक १९७७ साली आलं. एवढं माहीत असलं की या कादंबरीतही एल्फ, अंगठ्या, काळोखाचा अधिपती असं काही भेटेल अशी अपेक्षा तयार होते. इथे त्यातलं काहीच नाही. जादू म्हणावी अशी एकच गोष्ट आहे: रॉद्रिगो बेल्मॉन्ते या सेनानीच्या जुळ्या मुलांपैकी दिएगोला आपले वडील कुठे आहेत, त्यांच्यावर संकट येतं आहे का, हे दूरवरून कळतं. बस्स. बाकी सगळं घोडे, तट, खंडणी, कविता, औषधं आणि माणसांची वचनं यांवर चालतं. मग याला फॅन्टसी का म्हणायचं, हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

आधी इतिहास थोडक्यात. कोर्दोबाची खिलाफत १०३१ साली संपली आणि मुस्लिम स्पेनची लहान लहान संस्थानं झाली. त्यांना ताइफा म्हणतात. दरबार श्रीमंत, कवी आणि वैद्य नावाजलेले, पण फौजा तोकड्या. उत्तरेतली ख्रिस्ती राज्यं त्यांच्याकडून दरसाल सोन्यात खंडणी घेऊ लागली. १०८५ साली कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो याने तोलेदो घेतलं, तेव्हा घाबरलेल्या ताइफा राजांनी समुद्रापलीकडच्या अल्मोराविदांना, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर मुस्लिम राजवटीला, मदतीला बोलावलं. त्यांचा प्रमुख युसुफ इब्न ताशफीन आला, १०८६ मध्ये झल्लाकाच्या लढाईत त्याने अल्फोन्सोचा पराभव केला, आणि पुढच्या काही वर्षांत ज्यांनी बोलावलं त्यांचीच राज्यं गिळून टाकली. सेव्हियाचा कवी राजा अल-मुतमिद १०९१ मध्ये पदच्युत झाला आणि मोरोक्कोतल्या अघमातला कैदेत १०९५ साली वारला. कैदेतही तो कविता लिहीत होता.

आता कादंबरीचा नकाशा. माझ्या वहीत तो असा जुळला: अल-रसान म्हणजे मुस्लिम स्पेन, सिल्वेनेस म्हणजे कोर्दोबा, कार्तादा म्हणजे सेव्हिया, फेझाना म्हणजे तोलेदो, वाळवंटातले मुवार्दी म्हणजे अल्मोराविद. एस्पेरान्याची वायेदो, रुएन्दा आणि हालोन्या ही तीन राज्यं म्हणजे उत्तरेतली ख्रिस्ती राज्यं. कास्तीलच्या पहिल्या फर्नांदोने १०६५ साली मरताना राज्य तीन मुलांत वाटलं आणि थोरला सांचो १०७२ मध्ये झामोराच्या वेढ्यात मारला गेला, त्या भाऊबंदकीचा वास इथेही येतो. रागोसा मात्र जुळवायला अवघड आहे, आणि मला तेच आवडलं. नाव सारागोसासारखं, पण दरबार ग्रानादाचा. तिथला किंडाथ (या जगातले ज्यू) वजीर माझूर बेन आव्रेन वाचताना समुएल इब्न नग्रेला आठवतोच. हा ज्यू कवी ग्रानादाचा वजीर होता, फौजेबरोबर मोहिमांवर जायचा आणि हिब्रूत लढायांवर कविता लिहायचा. १०५६ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा योसेफ त्या पदावर आला, आणि १०६६ च्या डिसेंबरात जमावाने त्याला मारलं. त्याच्याबरोबर शहरातल्या ज्यूंची कत्तल झाली. हे माहीत असेल तर माझूरच्या तोंडची प्रत्येक चतुर, सावध ओळ वाचताना पोटात खड्डा पडतो.

धर्मांचं केलेलं रूपांतर ही या पुस्तकातली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. जॅडाइट (इथले ख्रिस्ती) सूर्याला पूजतात, अशराइट (इथले मुस्लिम) ताऱ्यांना, किंडाथ दोन चंद्रांना. या जगाच्या आकाशात खरोखर दोन चंद्र आहेत, एक पांढरा आणि एक निळा. सिद्धांत, ग्रंथ, प्रेषितांच्या कथा लेखक फारशा सांगत नाही. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू हे शब्द वाचल्यावर प्रत्येक वाचकाच्या मनात आपोआप उभ्या राहणाऱ्या बाजू इथे उभ्याच राहत नाहीत. सूर्यपूजक मुलगा तारे पूजणाऱ्याचा द्वेष करतो तेव्हा आपल्याला फक्त द्वेष दिसतो, त्याचा जुना हिशेब दिसत नाही. तिन्ही धर्म एकाच आकाशाकडे पाहतात हे लेखक कुठेही ठासून सांगत नाही. रात्री तळावर बसलेली माणसं वर बघतात, एवढंच लिहितो.

फेझानाचा खंदक हा या पुस्तकातला माझा सर्वांत अधिक खुणा केलेला भाग. किल्ल्यातल्या नव्या इमारतीच्या समारंभाला कार्तादाचा राजा अलमलिक शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावतो आणि तिथे त्यांना एकेक करून आत घेऊन मारलं जातं. हे वाचून पुस्तक खाली ठेवलं आणि तोलेदोचा इतिहास उघडला. ७९७ साली अमीर पहिल्या अल-हकमच्या काळात नेमकं हेच झालं होतं: अमरूस या सुभेदाराने बंडखोर शहराच्या मान्यवरांना किल्ल्यात मेजवानीला बोलावलं, आणि आत आलेल्यांची मुंडकी खंदकाच्या काठावर उडवली गेली. स्पॅनिश इतिहासात तो ‘खंदकाचा दिवस’ म्हणूनच ओळखला जातो. के यांनी या घटनेला दिलेली जोड फार साधी आणि फार अचूक आहे. हुसारी इब्न मूसा हा लठ्ठ रेशीम व्यापारीही निमंत्रित असतो, पण त्या सकाळी त्याला मुतखड्याच्या कळा येतात. त्याच्यावर उपचार करणारी जेहान बेत इशाक ही किंडाथ वैद्य त्याला घराबाहेर पडू देत नाही. मुतखड्यामुळे माणूस वाचतो! इतिहासातल्या कत्तलींतून कोण वाचलं आणि का, याची उत्तरं बहुधा अशीच असतात, पण बखरी ती लिहीत नाहीत. हुसारीचं पुढे काय होतं हे मुळातून वाचा. कादंबरीतला सर्वांत अनपेक्षित बदल त्याच्यात होतो.

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडू लागलं. खंदक ७९७ चा, खिलाफतीचा अंत १०३१ चा, ज्यूंची कत्तल १०६६ ची, तोलेदो १०८५ चं, अल्मोराविद १०८६ चे, आणि सबंध पुस्तकावर पडलेली सावली १४९२ ची, जेव्हा ग्रानादा पडलं आणि ज्यूंना स्पेन सोडायचा हुकूम निघाला. ही जवळजवळ सातशे वर्षं के यांनी एका पिढीच्या आयुष्यात आणून बसवली आहेत. खऱ्या इतिहासात एकाच माणसाने हे सगळं पाहिलं असतं असं कधी शक्यच नव्हतं. आजोबांच्या काळातला सुवर्णयुगाचा सूर्यास्त आणि खापरपणतवंडांच्या वाट्याचं निर्वासन, दोन्ही जेहानच्या वाट्याला येतात. या पुस्तकातली जादू ती हीच. दिएगोची अतींद्रिय जाणीव काढून टाकली तर कथानकाचे काही सांधे सुटतील, पण पुस्तक उरेल. काळाची ही घट्ट घडी उलगडली तर उरेल ती निव्वळ स्पेनवरची ऐतिहासिक कादंबरी. इतिहास वाचताना ऱ्हास कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण तो पिढ्यांमध्ये वाटला जातो. इथे तो तिघा मित्रांच्या मैत्रीत मावतो, म्हणून दुखतो.

ते तिघे म्हणजे जेहान, रॉद्रिगो आणि अम्मार इब्न खैरान. अम्मार कवी, मुत्सद्दी, तलवारबाज. अल-रसानच्या शेवटच्या खलिफाला मारणारा. कादंबरीचं उपोद्घात-प्रकरण त्या हत्येचंच आहे आणि इतकं शांतपणे लिहिलं आहे की मी ते लगेच दुसऱ्यांदा वाचलं. त्याच्यामागे इब्न अम्मार हा खरा कवी-वजीर उभा आहे, अल-मुतमिदचा तरुणपणापासूनचा जिवलग मित्र. पुढे दोघांत वितुष्ट आलं आणि अल-मुतमिदने स्वतःच्या हाताने त्याला ठार केलं. कादंबरीत अलमलिक आणि अम्मार यांच्यातलं प्रेम आणि संशय एकमेकांत गुंतलेलं आहे, ते याच मुळावरचं. पण के कथा वेगळीकडे वळवतात.

रागोसातला भाग सगळ्यांत समृद्ध. हद्दपार रॉद्रिगो आणि हद्दपार अम्मार एकाच राजाच्या चाकरीत येतात. दोन शत्रुपक्षांचे सर्वोत्तम योद्धे पाठीला पाठ लावून लढतात, आणि त्या एका झुंजीत आयुष्यभराचा तह झाल्यासारखं वाटतं. इथलं मुखवट्यांच्या उत्सवाचं प्रकरण संथपणे वाचा. रस्ते, मशाली, प्राण्यांचे मुखवटे, आणि प्रत्येक जण त्या रात्री कोणाच्या दारी जायचं हे ठरवतो आहे. मुवार्दींचे मारेकरीही त्याच गर्दीत आहेत. आनंद आणि धोका एकाच रस्त्यावरून चालतात असं प्रकरण मी या उपक्रमात दुसरं वाचलेलं नाही.

वैद्यकाबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण फॅन्टसीत ते फार क्वचित इतकं नीट येतं. जेहान लघवीचा रंग पाहून निदान करते, अफूची मात्रा मोजते, जखमा धुते. तिचे वडील इशाक मोठे वैद्य. राजाच्या प्रिय स्त्रीची अडलेली सुटका त्यांनी पोटावर शस्त्रक्रिया करून केली, आई आणि मूल दोन्ही वाचवलं, आणि तिला उघडं पाहिलं म्हणून त्यांचे डोळे आणि जीभ गेली. कोर्दोबाच्या परिसरात होऊन गेलेला शल्यविशारद अबुल कासिम अल-झहरावी याचा तीस खंडांचा ग्रंथ शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या चित्रांसह उपलब्ध होता, पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शतकानुशतकं वापरला गेला. त्या परंपरेचं वजन इशाकच्या प्रत्येक प्रसंगामागे आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात कवटीवरच्या शस्त्रक्रियेचा एक प्रसंग आहे. तलवारीच्या सगळ्या लढायांपेक्षा मला तो मोठा वाटला, आणि कोण करतं, कोणावर करतं हे मी सांगणार नाही.

आता खटकलेलं. पहिली गोष्ट रॉद्रिगोची. त्याच्यामागे रॉद्रिगो दियाझ, म्हणजे स्पेनचा दंतकथा बनलेला योद्धा एल सिद आहे: १०८१ मध्ये हद्दपार, सारागोसाच्या मुस्लिम राजांचा सेनापती, १०९४ मध्ये वॅलेन्सियाचा धनी, १०९९ मध्ये मृत्यू. त्याच्यावरचं सुमारे ३,७०० ओळींचं जुनं काव्य पोवाड्यासारखं आहे, त्यात तो निष्कलंक वीर आहे. प्रत्यक्षात वॅलेन्सिया घेतल्यावर त्याने तिथला काझी इब्न जह्हाफ याला १०९५ मध्ये जिवंत जाळलं. कादंबरीतल्या रॉद्रिगोच्या हातून असं काही घडेल हे मनातही येत नाही. के यांनी काव्यातला वीर घेतला आणि इतिहासातला माणूस मागे ठेवला. दोन्ही घेतले असते तर शेवटाकडचं ओझं आणखी खरं झालं असतं.

दुसरी गोष्ट मुवार्दींची. कार्तादा आणि वायेदोला प्रत्येकी दहा छटा मिळतात. मुवार्दींना एकच, कडवेपणाची. अल्मोराविदांनी मराकेश वसवलं, सहारापासून स्पेनपर्यंत राज्य बांधलं. त्यांच्यातला एखादा तरी माणूस आतून दिसायला हवा होता. ज्या पुस्तकाने तीन धर्मांना इतक्या न्यायाने वागवलं, त्यात ही उणीव जास्त दिसते.

तिसरी, लेखकाची लपवाछपवीची सवय. कोणीतरी मेलं आहे हे सांगायचं, पण कोण ते चार-पाच पानं रोखून धरायचं. एकदा चालतं. तिसऱ्यांदा मी पानं उलटवून पुढे पाहिलं. उपसंहारातही तेच केलंय. तिथे मात्र ते शोभतं, कारण तोवर आपल्याला दोन्ही उत्तरं सारखीच नको असतात.

जेहानवर भेटणारा प्रत्येक कर्तबगार पुरुष भाळतो, हेही थोडं कमी चाललं असतं. तिची बुद्धी पुरेशी होती.

तरी मध्ययुगीन इतिहासावरच्या फॅन्टसीत कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी आता हेच नाव सांगेन. एकच खंड आहे, पुढच्या भागांची वाट पाहायची नाही. पहिली शंभरेक पानं नावांनी दमवतात. जेहान, रॉद्रिगो, अम्मार या तिघांवर लक्ष ठेवा, राजे आपोआप जागेवर बसतात.

पुढचा टप्पा ठरला आहे: के यांचंच सॅरँटियमवरचं द्विखंड, १९९८ आणि २००० चं. आकाश तेच, दोन चंद्रांचं. काळ काही शतकं आधीचा, मागे बायझँटियम, तिथला सम्राट जस्टिनियन आणि ५३२ सालचा ‘निका’ उठाव. त्यासाठी राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या मोझेकची चांगली छायाचित्रं गोळा करते आहे, कारण कादंबरीचा नायक मोझेक करणारा कारागीर आहे. अल-मुतमिदच्या अघमातच्या कवितांचा चांगला इंग्रजी अनुवाद कोणी वाचला असेल तर तोही सुचवा; सॅरँटियम उघडण्याआधी तेवढं वाचून घ्यायचं आहे.