गाडीला उलाळ

गेल्या सुट्टीत कळव्याला काकांकडे गेलो तेव्हा मोबाइलवरचा फोटो दाखवला: पुढे आमचा पिकअप, त्याला जोडलेलं फिरतं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, आणि त्याच्याही मागे सायकली नि तंबू भरलेला छोटा ट्रेलर. काका म्हणाले, "अरे, हा तर कारखान्यावर निघालेला उसाचा ट्रॅक्टर!"

दिसायला तसंच. फक्त उसाच्या ट्रॉल्या रमतगमत जातात, आम्ही हायवेवर ताशी 100 किलोमीटरने निघालो होतो. टेक्सासात ही दुहेरी जोडणी चालते. मिशिगनमध्ये पुढचा ट्रेलर 'फिफ्थ व्हील', म्हणजे पिकअपच्या हौद्यात टेकणारा, लागतो आणि लायसन्सवर वेगळी नोंदही. फ्लोरिडात सरळ मनाई.

अर्ध्या तासात आमचं घर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागलं. का ते सांगायला लागलो, तर काकांनी मध्येच थांबवलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस! "उलाळ झाली असणार," म्हणाले. बैलगाडीत मागे ओझं वाढलं की जू वर उचलतं, ती उलाळ.

हिशेब तोच निघाला. घर 2700 किलोचं. त्याचा 10 ते 15 टक्के भार पुढच्या 'हिच'वर, म्हणजे पिकअपला जोडणाऱ्या सांध्यावर, पडायला हवा, म्हणजे निदान 270 किलो. आमचा होता 290. छोट्या ट्रेलरचा भार जेमतेम 45 किलो, पण तो टेकला घराच्या एक्सलमागे चार मीटरवर. पुढचा हिच एक्सलपासून पाच मीटर. त्यामुळे पुढून 36 किलो उचलले गेले, उरले 254.

झुलताना पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडला, हाताच्या खटक्याने फक्त घराचे ब्रेक हळूहळू लावले आणि बाजूला थांबलो. जड सामान घरात एक्सलच्या पुढे हलवलं, मग निघालो. मागचा हिच चॅसीला जोडलेला होता म्हणून निभावलं. बऱ्याच घरांचा बंपर म्हणजे नुसती पोकळ चौकोनी नळी, सांडपाण्याचा पाइप ठेवायची. तिला ट्रेलर लावणाऱ्यांना माझा दंडवत.

"आणि रिव्हर्स कसा घेतोस रे?" काकांनी विचारलं.

"घेत नाही, काका. मागचा सोडवतो आणि हाताने ढकलतो."

काका इतके हसले की काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.