तारांच्या चाकांचा मोह

वडिलांच्या मित्राकडून १९६७ सालची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पोलादी चाकांवर रंगाचे तीन-चार थर होते आणि मधल्या क्रोमच्या टोप्यांपैकी दोनच उरल्या होत्या. १९६२ साली आलेल्या या गाडीला कारखान्यातून पत्र्याची चाकेच बसवलेली असत. तारांची चाके जादा पैसे मोजणाऱ्याला मिळत. जुन्या छायाचित्रांत मात्र मला नेहमी तारांचीच दिसली, त्यामुळे हवी होती तीच. १९७० च्या मॉडेलपासून आलेल्या रोस्टाइल, म्हणजे नक्षीदार पोलादी चाकांचा विचारही केला नाही. ती या गाडीच्या साध्या रेषांवर मला उपरी वाटतात.

मुंबईच्या एका विक्रेत्याने साठ तारांची पाच चाके आणि सोबत अडॅप्टर दिले. आमच्या गाडीच्या हबवर, म्हणजे चाक जिथे बसते त्या मधल्या भागावर, चार स्टड (आटे असलेले खिळे) आहेत, तर तारांचे चाक दातेरी हबवर सरकवून मधल्या एकाच नटाने आवळायचे असते. अडॅप्टर हा या दोहोंमधला दुवा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे परस्परांच्या उलट असतात, हे मला नट चुकीच्या दिशेने आवळू पाहताना समजले.

गाडी दिसायला देखणी झाली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दुसऱ्याच गतिरोधकावर मागचा टायर मडगार्डला घासला. अंबडच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवून फूटपट्टी लावली आणि कारण दाखवले: तारांच्या चाकांसाठी कंपनी मागचा अॅक्सलच वेगळा, कमी रुंदीचा बसवत असे, आणि आमच्या रुंद अॅक्सलवर अडॅप्टरच्या जाडीची भर पडल्याने चाक बाहेर आले होते. विक्रेत्याने याविषयी चकार शब्द काढला नव्हता. अर्थात मीही विचारले नव्हते.

मिस्त्रींनी पेन्सिलीने एकेक तार वाजवून पाहिली. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार बद्द आवाज देते. एका चाकात अशा सात तारा निघाल्या. तारा आवळून चाकाचा आउट (फिरताना होणारी डगमग) काढून घेता आला असता, पण तारांची टोके रिममधून आत येत असल्याने ट्यूब लागणारच होती, आणि नाशिकच्या पावसाळ्यात सुट्या चाकासह तीनशे तारा पुसायच्या होत्या. "साहेब, अॅक्सल बदलायचा तर बदलू, पण मग गाडी चालवणार कधी?" असे त्यांनी विचारले.

अखेर जुनीच पोलादी चाके वाळूच्या माऱ्याने साफ करून, वाकलेल्या दोन रिम सरळ करून चंदेरी रंगात रंगवली आणि १६५ रुंदीचे रेडियल टायर चढवले. हरवलेल्या दोन टोप्यांच्या जागी दुसऱ्या शोधायला पाच महिने लागले. त्या तळहाताने ठोकून बसवल्या, तेव्हा मिस्त्री दोन पावले मागे सरकले, गाडीकडे पाहत राहिले आणि त्यांनी तारांच्या चाकांची किंमत विचारली. त्यांच्या ओळखीत एक गिऱ्हाईक होते.