शेल मॉडेल: चौकोन अखेर सपाट झाले

काल रात्री संगणकावरच्या जाळीतला शेवटचा लाल (म्हणजे सपाट नसलेला) चौकोन हिरवा झाला. म्हणजे ६० सेंटिमीटरचं शेल (पातळ, वक्र छताचं मॉडेल) आता सपाट तुकडे जोडून उभं करता येईल.

गेल्या वेळी डायनॅमिक रिलॅक्सेशन (टांगलेली जाळी संगणकात झुलवत तिचा स्थिर आकार शोधण्याची पद्धत) स्थिरावलं, तिथून पुढे. (कायनेटिक डॅम्पिंगबद्दल, म्हणजे हे झुलणं थांबवण्याच्या युक्तीबद्दल, विचारलं होतं त्यांच्यासाठी: एकूण गतिज ऊर्जा शिखराला पोचली की सगळ्या नोड्सचे, म्हणजे जाळीच्या गाठींचे, वेग शून्य करा. डॅम्पिंगचा गुणांक शोधत बसण्यापेक्षा फार सुखाचं.) टांगलेली जाळी उलटी केली, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये शेड स्मूद (पृष्ठभाग गुळगुळीत दाखवणारी सोय) लावलं, आणि शेल इतकं देखणं दिसलं की लगेच कापायला द्यावंसं वाटलं.

लेझरने कापायला सनबोर्ड घेतला असता, पण तो पीव्हीसीचा, त्याचा क्लोरीनवाला धूर लेझरला आणि माणसाला दोघांनाही वाईट. म्हणून ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला फळा). ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून थोडे तुकडे कापून आणले. कट स्वच्छ, कर्फ (लेझरने खाल्लेली फट) सगळीकडे सारखा. पण आधाराजवळचा तुकडा तीन कोपऱ्यांवर टेकवला की चौथा हवेत!

जाळीतले चार बिंदू एका प्रतलात असतीलच असं नाही. ग्राफिक्स कार्ड चौकोन कर्णावर मोडून दोन त्रिकोण करतं, आणि फोंगने १९७५ साली मांडलेल्या पद्धतीने नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) मधल्यामध्ये बदलत नेले की ती घडी डोळ्याला दिसतच नाही. एमडीएफला मात्र पीळ चालत नाही.

त्रिकोणच करा, असं बरेच जण सुचवतील. पण मग एका नोडवर चारऐवजी सहा तुकडे येतात आणि सांधे वाढतात. मला चौकोनच हवेत.

स्मूद शेडिंग काढून टाकलं आणि चौकोन रंगवले: दोन कर्णांमधलं अंतर भागिले कर्णांची सरासरी लांबी, १ टक्क्याच्या वर लाल. माथ्यावर सगळं हिरवं, चारही आधारांशी लालच लाल, कारण पीळ तिथेच जास्त. मग प्रत्येक चौकोनाला जवळचं प्रतल बसवलं, बिंदू त्यावर प्रक्षेपित केले, शेजारच्या चौकोनांनी सुचवलेल्या जागांची सरासरी घेतली, आणि हे पुन्हा पुन्हा. चौकोन सपाट व्हायचे, पण कमान खाली बसायची. ते परवडणारं नाही. व्हेनिसमधल्या २०१६ च्या आर्मडिलो व्हॉल्ट या दगडी शेलचे ३९९ दगड चुना-सिमेंटशिवाय उभे राहिले ते आकाराच्या जोरावरच. म्हणून सरासरीत मूळ टांगलेल्या जागेलाही वजन दिलं आणि ते हळूहळू उतरवत नेलं. आधारांजवळचे नोड्स आडवे सरकले, उंची जवळपास तशीच राहिली. लाल ठिपके एकेक करून विझताना बघणं, काय सांगू!

आता पूर्ण कट द्यायचा होता, पण हे लिहिता लिहिता बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं पाणघोड्यांचं घर आठवलं. श्लाइख बर्गरमान या अभियांत्रिकी फर्मने त्याच्या काचेच्या छतासाठी एक वक्र दुसऱ्यावरून समांतर सरकवला. तसं केलं की प्रत्येक चौकोन समांतरभुज, म्हणजे मुळातच सपाट. दोन पॅराबोला घेतले तर चौकोन पुन्हा पुन्हा सपाट करण्याचा माझा सगळा लूपच नको. अडचण कडेला: आडवा छेद लंबवर्तुळ येतो आणि काठाचे तुकडे वेडेवाकडे होतात.

तर मोठा कट थांबवते. आधी त्याच पद्धतीचा छोटा नमुना, मग दोन्ही शेलवर वाळूच्या पिशव्या ठेवून वाकणं मोजेन. तोवर एक मदत हवी आहे: लेझर कड काटकोनातच कापतो, सांध्याला तिरकी हवी. एमडीएफची कड ठरावीक कोनात घासायचा जिग (तुकडा धरून ठेवणारा साचा) कुणी बनवला असेल तर मापं टाका.