वांद्रे बँडस्टँडचे खडक: ओहोटीत कोण कुठे राहतं आणि का

इथे यायचं तर रविवार बघून नव्हे, तिथी बघून या. तिथीची पाऊणपट केली की मुंबईतल्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्यात सव्वासहा तास मिळवा की ओहोटी. आम्ही फाल्गुन वद्य द्वितीया धरली. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी पावणेआठच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण जोरात असतं आणि पाणी लांबवर हटतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, खालचा पट्टा उघडा पडतच नाही. तरी उतरण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

ओहोटीच्या तासभर आधी उतरून पाण्यामागोमाग सरकावं. वरच्या खडकांवर फक्त बारीक शंख, तेही भेगांत दाटलेले. तोंडावरचं झाकण मिटून आत ओल धरून बसतात. त्याखाली बार्नेकल, म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले कवचवाले जीव, मग कालवं. मऊ अंगाचे, फुलासारखे दिसणारे प्राणी अगदी खाली: समुद्रफूल आणि त्याच्या नात्यातले झोअँथिड.

वरची हद्द बहुतेक ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची अनेकदा शेजारी. जोसेफ कॉनेल या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञाने 1961 मध्ये स्कॉटलंडमधला प्रयोग प्रसिद्ध केला: मोठ्या जातीचे बार्नेकल खरवडून काढले, तर वर राहणारे लहान बार्नेकल खालीही तगले. एरवी मोठे त्यांना चिरडतात, उखडतात. मुंबईत मात्र गाळ आणि सांडपाणीही हिशेबात धरावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ अपवादांना द्या. वरच्या पट्ट्यातल्या डबक्यात समुद्रफूल सापडतं, कारण तिथलं पाणी आटत नाही. एकाच दगडाच्या सावलीकडच्या बाजूला वस्ती अधिक वर चढलेली दिसते.

मोजणीला 50 सेंमीची चौकट, दोऱ्यांनी 25 घरं पाडलेली. ती दर दोन मीटरवर ठेवा. जिथे प्राणी जास्त तिथे ठेवलीत तर मोजणी फुकट. नुसतं अंतर लिहूनही भागत नाही, उतार बदलला की पट्टे रुंद-अरुंद भासतात. उंचीसाठी गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी उत्तम.

बंद रबरी बूट हवेत. हिरवं शेवाळ घसरवतं, कालवं कापतात. कोनशंख उचलू नका, डंख विषारी असतो. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. पावसाळ्यात उतरूच नका.

पाणी तळाला पोचलं की परत फिरा. पहिल्या तासात ते जेमतेम चढतं आणि माणूस गाफील राहतो. चार मीटरच्या उधाणात तिसऱ्या-चौथ्या तासात ते दर तासाला मीटरभर चढतं, आणि तोवर मागची घळ भरलेली असते.