नाव नसलेली भाजणी

कर्जाचा हप्ता थकून साठ दिवस उलटले की बँकेच्या भाषेत ते खाते 'एसएमए-२', म्हणजे विशेष लक्ष ठेवण्याच्या शेवटच्या टप्प्यातले, होते आणि नव्वद दिवसांची मर्यादा ओलांडली की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरते. या दोन्हींच्या मधला काळ फार मोलाचा असतो, कारण धंदा सावरायचा असेल तर तो तेव्हाच सावरता येतो; पुढे कर्जदाराच्या वाट्याला नोटिसा येतात. मुलुंडच्या शाखेत लघुउद्योगांची कर्जखाती सांभाळत असताना अशाच एका खात्याच्या स्थळपाहणीसाठी मी दिवाळीनंतर भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत गेले होते. छोट्या उद्योगाने आपले नाव ग्राहकापर्यंत पोचवण्यासाठी अगदी सुरुवातीपासून पैसे का राखून ठेवले पाहिजेत, हे त्या दुपारी मला जितके लख्ख दिसले तितके बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षणात दिसले नव्हते.

खाते पन्नाशी उलटलेल्या एका दांपत्याचे होते. काकांची कंपनी बंद पडली तेव्हा हाती आलेली रक्कम आणि मुद्रा योजनेच्या 'तरुण' गटातले, म्हणजे पाच ते दहा लाखांमधले कर्ज, असे भांडवल उभे करून त्यांनी भाजणी आणि उपवासाची पिठे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कर्ज मी शाखेत येण्यापूर्वीच मंजूर झाले होते आणि कागदपत्रे चोख होती: यंत्रांची कोटेशने, गाळ्याचा भाडेकरार, लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी, अन्नसुरक्षेची नोंदणी, सगळे जागच्या जागी. सुरुवातीची वर्षे हप्तेही ठरल्या तारखेला येत होते आणि मग गणपतीच्या सुमारास ते एकाएकी थांबले.

थकलेल्या खात्याच्या पाहणीला जाताना कुलूप लागलेला गाळा, उधारीवाल्यांचा तगादा, नाही तर यंत्रे परस्पर विकल्याचा संशय, अशा गोष्टींची मनाने तयारी ठेवावी लागते. येथे तसे काहीच नव्हते. गाळा इतका स्वच्छ होता की चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. धान्य भाजण्याचा फिरता ड्रम, दळणाचा पल्व्हरायझर आणि पिशव्या बंद करण्याचे सीलर अशी तिन्ही यंत्रे चालू स्थितीत होती आणि प्रत्येकावर 'बँकेकडे नजरगहाण' (म्हणजे वापर कर्जदाराचा, तारण बँकेचे) अशी आमची पाटी पुसून ठेवलेली होती. काकू एका छोट्या घाण्याची भाजणी करत होत्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद हे सारे त्या वेगवेगळे भाजतात, कारण एकत्र भाजले की एक कच्चे राहते आणि दुसरे करपते. धने आणि जिरे सर्वांत शेवटी, मंद आचेवर, आणि तेही ड्रममध्ये न घालता कढईत. मागणी नसताना माल का करता, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "यंत्र बंद पडून राहिलं तर बिघडेल, म्हणून थोडं थोडं करते. जास्त करून ठेवता येत नाही, मॅडम. जुनी भाजणी खवट होते, आणि तसला माल मी कुणाला देणार नाही."

भिंतीलगत दहा-दहा किलोच्या पिशव्या रचलेल्या होत्या. त्यांवर मार्कर पेनाने 'थालीपीठ' किंवा 'चकली', वजन आणि दळल्याची तारीख एवढेच लिहिलेले होते. कोणाचे नाव नव्हते, फोन क्रमांक नव्हता, चिन्ह नव्हते.

पाहणीला गेल्यावर कर्जदाराकडे पाण्यापलीकडे काही घेऊ नये असा माझा नेम आहे, पण काकूंनी ताज्या भाजणीचे थालीपीठ समोर ठेवले आणि मालाचा दर्जा तपासणे हेही पाहणीत येतेच, म्हणून मी एक तुकडा तोडला. पहिल्याच घासाला चव ओळखीची वाटली. भाजलेल्या धन्यांचा तो ठसठशीत वास आमच्या दादरच्या घरात वर्षानुवर्षे होता. माल कोणाला देत होता, असे मी विचारले आणि काकांनी ज्या दुकानाचे नाव घेतले, त्याच दुकानातून आमच्या घरी भाजणी येते. गेले काही महिने माझ्या सासूबाई म्हणत होत्या की भाजणी पूर्वीसारखी राहिली नाही, धन्यांचा वास लागत नाही. मग त्यांनी ती आणणेच बंद केले. त्यांनी दुकानात विचारलेही होते, तेव्हा तीच आहे, असे उत्तर मिळाले होते.

म्हणजे ग्राहक होता, त्याला चवीतला फरक कळत होता, पूर्वीची भाजणी त्याला हवीही होती. पण ती भांडुपच्या गाळ्यात तयार होते हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नव्हता. आमच्यासारखी आणखी किती घरे दादर-माहीम परिसरात असतील! त्यांच्यापैकी एकाही घराला या दांपत्याचे नाव ठाऊक नव्हते. इतकी वर्षे काकूंच्या हाताने जो लौकिक कमावला, तो सगळा दुसऱ्याच्या नावावर जमा झाला होता, आणि दुकानाने पुरवठादार बदलला त्या दिवशी काकूंकडे उरली ती यंत्रे आणि आमचे कर्ज.

दुकानाने काही गैर केले असे मला म्हणता येत नाही. त्यांना किलोमागे काही रुपयांनी स्वस्त माल मिळाला आणि लेखी करार कधी झालाच नव्हता. काका एवढेच म्हणत राहिले की मालाविषयी एकही तक्रार नव्हती. ते अगदी खरे होते आणि म्हणूनच ऐकताना वाईट वाटत होते. माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येते, ही समजूत आपल्या मराठी घरांत फार खोलवर रुजलेली आहे. चांगल्या मालाने गिऱ्हाईक टिकते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ते कोणाकडे टिकते, हे पाकिटावरचे नाव ठरवते. दुकान काकूंकडून एकशे चाळीस रुपये किलोने भाजणी घेत होते आणि ग्राहकाकडून दोनशे साठ रुपये घेत होते. मधल्या एकशे वीस रुपयांत जागेचे भाडे, पगार, पॅकिंग हे सगळे येते. त्याखेरीज, दारात आलेल्या माणसाने दुकानावर टाकलेल्या विश्वासाची किंमतही त्यातच असते. काकूंनी तो विश्वास स्वतःकडे वळवण्यासाठी कधी एक रुपयाही खर्च केला नव्हता.

खर्च करणार तरी कसा? फाइल बरोबर होती, ती मी तेथेच उघडली. प्रकल्प अहवालात यंत्रे, वीजजोडणी, तीन महिन्यांचा कच्चा माल आणि मजुरी यांचे आकडे होते, आणि 'जाहिरात व विक्री खर्च' या ओळीपुढे एक आडवी रेघ होती. अशी रेघ मी कितीतरी अहवालांत पाहिली आहे. यंत्राचे कोटेशन येते, बँक परस्पर विक्रेत्याला पैसे देते, बिल फाइलला लागते आणि यंत्रावर पाटी लावता येते. उद्या वेळ आलीच तर ते विकताही येते. लोकांच्या मनात तयार झालेल्या नावावर पाटी लावता येत नाही, म्हणून अहवाल तयार करणारे सल्लागार ती ओळ रिकामी सोडतात आणि कर्जदाराला वाटते की धंद्यात तिची गरजच नसावी. वास्तविक 'प्राथमिक व पूर्वतयारीचा खर्च' या शीर्षकाखाली अशी रक्कम प्रकल्प खर्चात धरता येते. कोणी मागत नाही, म्हणून ती दिली जात नाही.

"जाहिरात म्हणजे टीव्हीवर येणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं काम," काका म्हणाले. मी त्यांना विकोची आठवण करून दिली. केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला ती कंपनी सुरू केली तेव्हा ते दंतमंजन घेऊन दारोदार हिंडत होते. टीव्हीवरच्या जाहिराती फार पुढच्या. कोणाचा माल आहे हे घराघरात समक्ष जाऊन सांगणे, हीच त्यांची पहिली जाहिरात होती, आणि ती धंदा लहान असतानाच करता येते, कारण त्या वेळी घेणाऱ्याला करणारा माणूस समोर दिसतो.

उशिराची खरी किंमत मात्र मला त्यानंतरच्या आठवड्यांत कळली. दुकानाकडून काही जुने येणे बाकी होते, ते काकांनी पाठपुरावा करून मिळवले आणि थकलेले हप्ते भरले, त्यामुळे खाते एनपीए होण्यापासून वाचले. पण लेबल, पाकिटे आणि नमुने यांसाठी नवे पैसे हवे होते आणि थकबाकीच्या काठावर आलेल्या खात्याला वाढीव कर्ज देण्याचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात टिकणार नव्हता. शेवटी काकूंनी पाटल्या ठेवून आमच्याच शाखेतून सोनेतारण कर्ज घेतले. पहिल्या कर्जात जी रक्कम कोणाच्या लक्षातही न येता बसली असती, तिच्यासाठी अंगावरचे सोने काढावे लागले, याची मला आजही चुटपुट वाटते.

शिवाय हंगाम निघून गेला होता. चकलीच्या भाजणीची मुख्य विक्री दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत होते. ज्या घरात या दिवाळीला तुमचे पाकीट गेले, तेच घर पुढच्या दिवाळीला फोन करते. एक दिवाळी हुकली की नाव रुजायला आणखी एक वर्ष लागते. यंत्राची किंमत मोजली की ते दुसऱ्या दिवशी गाळ्यात येते, पण ओळखीच्या बाबतीत पैशांबरोबर सणांचे एक संपूर्ण चक्रही मोजावे लागते. संकट आल्यावर ते चक्र विकत घेता येत नाही. सुरुवातीला विक्री थोडी असते, हप्ते नियमित असतात, चुकीचे लेबल छापले गेले तरी नुकसान काही शे रुपयांचे असते. त्या काळात जे स्वस्तात शिकता येते, ते अडचणीच्या काळात फार महाग पडते.

काकूंनी सुरुवात संक्रांतीपासून केली आणि ती कल्पना सर्वस्वी त्यांची होती. शंभर ग्रॅमची, दोन थालीपिठे होतील एवढी पाकिटे करून त्यांनी ती मुलुंड पूर्व, भांडुप आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या महिला मंडळांना हळदीकुंकवाचे वाण म्हणून लुटायला अल्प दरात दिली. प्रत्येक पाकिटावर त्यांचे नाव, गाळ्याचा पत्ता, व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक आणि पीठ भिजवण्याची पद्धत होती. रथसप्तमीपर्यंत ती पाकिटे शेकडो घरांत पोचली. गूगल मॅपवर गाळ्याची नोंद फुकट झाली. ट्रेडमार्क नोंदणीत पिठे ज्या ३० व्या वर्गात मोडतात, त्या वर्गात नावासाठी ऑनलाइन अर्ज केला. उद्यम नोंदणी असल्याने शुल्क साडेचार हजार रुपये पडले, आणि एकदा नोंदणी झाली की ती दहा वर्षे चालते. चातुर्मासात उपवासाच्या भाजणीची मागणी आली, तेव्हा वाणाचे पाकीट जपून ठेवलेल्या बायकांचे फोन त्यात होते. काकू प्रत्येक फोनची नोंद एका वहीत करतात: नाव, सोसायटी, काय घेतले, पुन्हा कधी लागेल.

खाते आता नियमित आहे, जरी एखाद्या महिन्यात हप्ता चार दिवस मागेपुढे होतो. उलाढाल दुकानाच्या काळाएवढी अजून झालेली नाही, पण किलोमागे सुटणारे पैसे जास्त आहेत आणि कोणा एकाच्या नकाराने गाळा बंद पडेल अशी स्थिती राहिलेली नाही. दरम्यान त्या दुकानाने पुन्हा विचारणा केली. काकांनी माल देण्याचे मान्य केले, मात्र स्वतःच्या नावाच्या पाकिटांतच. त्यावर बोलणी अजून चालू आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या नव्या प्रस्तावांत ती आडवी रेघ दिसली की मी अर्जदाराला परत बोलावते, लेबलाचा कच्चा नमुना तयार आहे का ते पाहते आणि पहिल्या वर्षाचा विक्री खर्च अहवालात लिहून आणायला सांगते. वरचे कार्यालय काही वेळा ती रक्कम कापते. तेव्हा मी काकूंच्या खात्याचा उतारा जोडून प्रस्ताव पुन्हा पाठवते.