शून्य युनिटची यादी

मार्च लागला की आमच्या धंद्यात एक यादी निघते. ज्या मीटरचा आकडा सहा-सहा महिने हललेला नाही, अशा ग्राहकांची. प्रत्येकाच्या दारी जायचं आणि मीटर बंद पडलंय, घर बंद आहे की कोणी आकडा टाकून फुकटची वीज ओढतोय, हे पाहून शेरा मारायचा. मी कारंज्याचा. कारंजा लाड, जिल्हा वाशीम. नऊ वर्षं झाली, कंत्राटावर मीटर रीडिंग घेतो. पैसे मीटरमागे मिळतात, त्यामुळे घराकडे पाहायची सवय नाही. मीटर कुठल्या भिंतीला आहे आणि कुत्रं बांधलेलं असतं की मोकळं, एवढं डोक्यात ठेवलं की भागतं.

त्या वर्षीच्या यादीत जुन्या गावातली एकतीस नावं होती आणि तपासणीला सोबत नवीन मॅडम होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, रुजू होऊन दीड महिना झाला होता. इकडे सगळे मला भाऊ म्हणतात, त्या दादा म्हणायच्या.

सकाळी आठला दिल्ली वेशीपाशी गाडी लावली तेव्हा त्यांनी विचारलं, "दादा, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?"

"गुरुमंदिर."

"ते रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बघितलं. आणखी?"

खरं तर नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणूनच बाहेरची माणसं कारंज्याला येतात. गाणगापूरला जाणारा माणूस कधीतरी इकडेही येतोच. आता समृद्धी महामार्गावरून उतरायची सोय झाली आहे, त्यामुळे नागपूरकडच्या गाड्याही वाढल्या. दर्शन, प्रसाद, परत. मी डोक्याला ताण दिला आणि म्हणालो, "आणखी असं काही नाही, मॅडम."

"मग सुट्टीच्या दिवशी लोक काय करतात?"

"अकोल्याले जातात."

पहिलं मीटर वेशीजवळच्या एका शिंप्याच्या दुकानाचं. दुकानाला कुलूप आणि कुलपाला गंज, मीटरच्या काचेवर बोटभर धूळ. मी पुसून फोटो काढेपर्यंत मॅडम वेशीकडे तोंड करून उभ्या होत्या. कारंज्याला चार वेशी: दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. ज्या गावाकडे तोंड, त्या गावाचं नाव. आमच्यासाठी ते ऑटोचे थांबे आहेत. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे 1670 मध्ये महाराजांचं सैन्य यातल्याच एखाद्या वेशीतून आत आलं असणार."

हे मला शाळेत शिकवलेलं होतं, पण इतकं तोंडपाठ नव्हतं. त्यांनी पुढचंही सांगितलं. सोनं-नाणं आणि उंची कापड मिळून एक कोटीचा ऐवज, तो वाहायला चार हजार बैल आणि गाढवं. गावातले श्रीमंत खंडणीसाठी धरून नेले, पण सगळ्यात मोठा सावकार बाईचं लुगडं नेसून निसटला, कारण बायकांना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. लुटलं गेल्याचा अभिमान असणारं आमच्यासारखं दुसरं गाव नसेल. लुटायला काहीतरी होतं, हे त्यातून सिद्ध होतं ना!

पुढची पाच-सहा मीटर झटपट उरकली. कुलूप, कुलूप, पोरगा पुण्याला, म्हातारी वारली, कुलूप. पोह्याच्या वेशीकडच्या एका घरात मात्र यादीप्रमाणे शून्य वापर होता आणि खिडकीतला कूलर घरघरत होता. मीटरवरचा लाल दिवा गप्प. घरात फक्त दहा-बारा वर्षांचा पोरगा. त्याला विचारलं तर छाती फुगवून म्हणाला, "आमचं मीटर लय चांगलं हाये. बिलच येत नाई." मॅडमना हसू आवरेना. पंचनाम्यात अर्धा तास गेला. ते प्रकरण पुढे कसं मिटलं ते इथे लिहीत नाही, पोराला मार बसला नाही एवढी मी चौकशी केली.

मग आम्ही हवेलीच्या गल्लीत शिरलो.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट कारंज्यात जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक व्यापारी गावाबाहेर उतरला. एवढा माल घेईल असं गिऱ्हाईक कुठंच सापडत नव्हतं म्हणून तो कुरकुरला. संघई घराण्यातल्या एका श्रीमंताच्या हवेलीचं बांधकाम तेव्हा चालू होतं. त्याने सगळी कस्तुरी रोख मोजून घेतली आणि भिंतीसाठी कालवत असलेल्या चुन्यात ओतायला लावली. लहानपणी त्या भागातली प्रत्येक पडकी भिंत आम्हाला कस्तुरीची म्हणून दाखवली जायची आणि आम्ही प्रत्येक भिंतीला नाक लावायचो.

आमच्या यादीतला वाडा त्याच बाजूला होता. दिंडी दरवाजाची किल्ली शेजारच्या काकूंकडे. नऊ वर्षं मी त्यांच्याकडून किल्ली घेतो, दरवाजा उघडतो, डाव्या हाताच्या खांबावरच्या मीटरचा फोटो काढतो आणि बाहेर येतो. चौकाच्या पुढे कधी गेलो नव्हतो. मॅडम सरळ आत गेल्या. मागोमाग मीही.

चौकात उन्हाचा एक चौकोन पडला होता, बाकी सगळीकडे गारवा. बाहेर कपाळावर घाम आणि आत अंगावर काटा, इतका फरक. सागवानी खांब तेल प्यायल्यासारखे काळे. ओसरीच्या भिंतीत धान्याचं बळद होतं. त्याचं झाकण उघडून मॅडमनी मोबाईलचा उजेड आत टाकला तर तळ दिसेना. भिंत एका जागी ढासळली होती आणि तिचं पोट दिसत होतं: बाहेरून पातळ भाजक्या विटा, आत पांढरी माती, मधे चुन्याची शुभ्र रेघ. मॅडमनी त्या चुन्याचा चिमूटभर भुगा बोटावर घेतला आणि नाकाशी नेला.

"येतो का वास?" मी विचारलं.

"येतो."

"कस्तुरीचा?"

"वटवाघळांचा."

किल्ली परत करताना काकूंना सांगितलं तर त्या चिडल्या. म्हणाल्या, "पावसाळ्यात या. पहिला पाऊस पडला का भिंत वास मारते. माया सासूनं घेतला होता वास." आम्ही वाद घातला नाही.

तिथून जैन मंदिरांच्या बाजूला. कारंज्यात जुनी जैन मंदिरं तीन: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. ही भट्टारकांच्या, म्हणजे दिगंबर जैनांच्या धर्मगुरूंच्या परंपरांची नावं, शेकडो वर्षांच्या गाद्या. यादीतली खोली त्याच गल्लीतली, बंद. मी शेरा मारून निघालो होतो, पण समोरच्या किराणा दुकानातल्या काकांनी मॅडमना हटकलं, "बाहेरगावच्या काय? मग काष्ठासंघ पाहूनच जा." चपला काढल्या, आत गेलो. मी इथलं मीटरसुद्धा घेतो, त्यामुळे मंदिर पाहिलेलं आहे असाच माझा समज होता. ते मीटर दाराजवळ असतं. मान वर केली तेव्हा कळलं की नऊ वर्षं मी काय पाहिलं नव्हतं. लाकडात कोरलेलं काम. वेलबुट्टी अशी की सुतार लाकूड विसरून कापडावर भरतकाम करत बसला असावा. एका कोपऱ्यात चिमणीने घरटं केलं होतं आणि काड्यांमधून कोरलेलं एक पान बाहेर डोकावत होतं. खरं पान कुठलं, हे ठरवायला मला दोनदा पाहावं लागलं.

काकांना ऐकणारं माणूस मिळालं होतं. त्यांनी ग्रंथभांडारांचं सांगितलं. या मंदिरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखितं जपून ठेवली गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची जी सूची 1926 मध्ये निघाली, तिच्यात कारंज्याच्या पोथ्या आल्या आणि बाहेरच्या विद्वानांना या साठ्याची कल्पना आली. ती सूची करणारे रायबहादूर हिरालाल. आणि ज्यांनी इथल्या अपभ्रंश नावाच्या जुन्या भाषेतल्या पोथ्या अभ्यासून छापून काढल्या ते प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले. मी बरेच दिवस दोघांना एकच समजत होतो. दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत, त्याची काव्यं 1930 च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेत छापली गेली. आमच्या गावाच्या नावाची ग्रंथमाला! माझी बारावी कारंज्यातच झाली. मराठीला अठ्ठ्याहत्तर मार्क होते. हे नाव एकदाही कानावर पडलं नव्हतं.

दुपारी ऋषी तलावाच्या काठावर डबे सोडले. ज्या करंज ऋषींवरून गावाला नाव पडलं म्हणतात, त्यांचाच हा तलाव. मॅडमच्या डब्यात पोळी-भाजी, माझ्या डब्यात भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांनी ठेचा मागून घेतला आणि नंतर दहा मिनिटं बोलल्या नाहीत. साताऱ्याच्या तिखटाचं कौतुक त्या दिवसापासून बंद झालं.

यादीतलं शेवटचं नाव राहिलं होतं: स्टेशनाबाहेरची चहाची टपरी.

स्टेशन म्हणजे शकुंतलेचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही आमची छोटी रेल्वे. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायची, 113 किलोमीटर. मूर्तिजापूरहूनच दुसरा फाटा अचलपूरला. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गाडीपर्यंत पोचवायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती घातली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, हा मार्ग मात्र कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी ओढणारं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं. इथला कापूस मँचेस्टरला जायचा आणि तो वाहणारं इंजिन मँचेस्टरहून यायचं, म्हणजे दोन्हीकडून नफा कोणाचा ते कळलंच. 1994 मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. आता तेही नाही. रुळांवर बाभळी उगवल्या आहेत आणि बकऱ्या चरतात.

टपरीचा मालक आबाजी तिथेच होता. टपरी बंद, पण तिच्या सावलीत खाट टाकून बसलेला.

"कायले आले बाप्पा एवढ्या उन्हात?"

"मीटर पाहाले आलो, आबाजी."

"मीटर त चांगलं हाये."

मी त्याला समजावून सांगितलं. वापर शून्य आहे, तरी स्थिर आकाराचं बिल दर महिन्याला येतं. अर्ज दिला तर कनेक्शन कायमचं काढून टाकू, फुकटचा भुर्दंड वाचेल. आबाजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"येऊ द्या ना बिल. मी भरून राह्यलो का नाई? थकबाकी हाये काय माई?"

नव्हती. मॅडमनी मोबाईलवर पाहिलं, एक रुपयाही नव्हती.

"अन् उद्या गाडी चालू झाली त? मंग म्या पुन्हा अर्ज करू, पैसे भरू, तुमच्या हापिसात चकरा मारू? त्यापरीस हे बरं."

मग त्याने गाडीचं सांगायला सुरुवात केली. मधल्या ठेसनावर गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. यवतमाळला पोचायला सहा-सात तास, त्यामुळे एकेक गिऱ्हाईक दोन-दोन कप चहा प्यायचं आणि गाडी सुटली तरी कप ठेवून पळत जाऊन चढायचं. कप फुटायचे, पण गाडी कोणाचीच चुकायची नाही. मॅडमनी रुळावर उभं राहून दोन्ही पायांमधलं अंतर पाहिलं. एक पाय या रुळावर, एक त्या रुळावर, आणि त्या सहज उभ्या राहिल्या.

शेरा मारायचा तर मीटर चालू आहे की बंद पडलंय, हे तपासणं भाग होतं. "आबाजी, एखादा दिवा लावता काय?" मी विचारलं. त्याने कनवटीची किल्ली काढली आणि टपरीची फळी उघडली. आत किटलीचं झाकण, दोन काचेचे ग्लास आणि छताला शंभरचा पिवळा बल्ब, जुन्या पद्धतीचा, कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळलेला. त्याने बटण दाबलं. बल्ब लागला. त्यालाही थोडं आश्चर्य वाटलं असावं.

आम्ही तिघं मीटरपुढे उभे राहिलो. हे मीटर एका युनिटला 3200 वेळा लुकलुकतं, त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. शंभरचा बल्ब असेल तर साधारण अकरा सेकंदांनी एकदा. मॅडम घड्याळाकडे पाहून मोजत होत्या. नऊ, दहा, अकरा, आणि लाल ठिपका चमकून गेला. पुन्हा मोजलं. पुन्हा अकराला चमकला.

"मीटर सुस्थितीत," मॅडम म्हणाल्या आणि मी तसं टाकलं. कारणाच्या रकान्यात मोबाईल चारच पर्याय देतो: घर बंद, मीटर बंद, वीज खंडित, वापर नाही. मॅडमनी वापर नाही निवडलं आणि खाली शेरा लिहिला, ग्राहक हजर.

रविवारी त्यांचे आई-वडील साताऱ्याहून आले. गाव दाखवायला मला बोलावलं, तेव्हा मी ती यादी खिशातून काढली आणि दिल्ली वेशीपासून सुरुवात केली. फक्त कूलरवालं घर गाळलं.

एप्रिलच्या रीडिंगला मी टपरीवर गेलो तेव्हा आबाजी नव्हता. फळी लागलेली होती. मीटरची काच मात्र कोणीतरी पुसलेली, आणि आकडा दोनने सरकला होता.