ईरी सरोवर, नोव्हेंबर: धक्क्यावरून वॉलआय

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला ईरी सरोवराच्या धक्क्यावरून मी वॉलआय हा शिकारी मासा गळाने धरतो. यंदाचा नेम साधा होता. नवीन लुअर, म्हणजे नकली आमिषं, विकत घ्यायचे नाहीत, डब्यात आहेत त्यांच्यावरच हंगाम काढायचा. तो नेम अजून टिकून आहे, म्हणून ही नोंद. तारखांपेक्षा पाण्याचं तापमान लिहितोय, कारण मासे कॅलेंडर बघत नाहीत. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत.

पाणी ५६

क्लीव्हलँडच्या बंदरात शॅड आले. संध्याकाळी ईस्ट ५५ स्ट्रीटच्या धक्क्यावर उभं राहिलं की दिव्याखालच्या पाण्यात चंदेरी चुळबुळ दिसते. हा गिझर्ड शॅड म्हणजे आपल्या पाला माशाच्या लांबच्या भावकीतला. थंडी त्याला मुळीच सोसत नाही. पाणी गार होऊ लागलं की त्याचे थवे बंदरात, नदीच्या तोंडाशी, आडोशाला गोळा होतात. वॉलआय त्यांना खायला त्यांच्यामागे येतात. उन्हाळाभर हेच मासे दूर खोल पाण्यात पांगलेले असतात, तिथे बोटीशिवाय काही चालत नाही. बिनबोटीच्या माणसाला हा एवढाच काळ. त्यातून माद्यांच्या पोटात अंडी आत्तापासूनच भरायला लागतात. ती घालायची वसंत ऋतूत, मॉमी नदीत किंवा पश्चिमेकडच्या खडकाळ उथळांवर, पण त्यासाठी लागणारं खाणं आत्ता.

शॅड भरपूर, वॉलआय मात्र तुरळक. एकच मिळाला, जेमतेम १६ इंचांचा. ओहायोत सध्या किमान १५ इंच आणि दिवसाला ६ अशी मर्यादा आहे, त्यामुळे ठेवता आला असता. सोडून दिला.

पाणी ५१

इथे वाऱ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या हंगामात मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला, लुअरचा नाही.

ईरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ. वारा सुटला की ते तळापासून ढवळून निघतं. नैर्ऋत्येचं वादळ दोन दिवस चाललं तर पाणी अक्षरशः पूर्वेला बफेलोच्या बाजूला ढकललं जातं आणि पश्चिमेला टोलीडोकडे काही फूट उतरतं. आमच्या किनाऱ्याला खरा त्रास उत्तरेच्या आणि ईशान्येच्या वाऱ्याचा. लाटा धक्क्यावरून जातात, आणि वारा पडल्यावरही पाणी दुधाच्या चहासारखं राहतं. अशा पाण्यात वॉलआयला लुअर दिसतच नाही. तेव्हा वादळ गेल्याच्या रात्री जायचं नाही. एक-दोन दिवस दक्षिणेचा, म्हणजे जमिनीवरून येणारा हलका वारा वाहू द्यायचा. गाळ खाली बसतो, पाणी हिरवट होतं, पांढरा लुअर दोन-तीन फुटांवर दिसेनासा होतो. ती माझ्या मते उत्तम रात्र. अगदी नितळ पाण्यात मासे लाजतात.

वॉलआयचे डोळे अंधारासाठीच घडलेले आहेत. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसलाच. अर्धवट गढूळ पाण्यात, रात्री, शॅडपेक्षा त्यांना जास्त दिसतं, आणि शिकार होते ती या फरकावर. म्हणून डोक्यावरच्या दिव्याचा झोत पाण्यावर मारू नका, गाठ बांधायची असेल तर पाठ फिरवा. धक्क्यावरच्या जुन्या मंडळींपुढे हा गुन्हा एकदाच माफ होतो.

हा हिशेब जुळलेल्या रात्री तीन मिळाले, तिन्ही २२ ते २५ इंचांचे. फेक दिव्याच्या उजेडात नव्हती. उजेड जिथे संपतो त्या कडेला होती.

पाणी ४६

आता वेग. लुअर तोच, १४ नंबरचा हस्की जर्क (माशाच्या आकाराचा लुअर), चंदेरी पोट आणि काळी पाठ. ५० च्या वर होतो तेव्हा दोरा सरळ, सावकाश गुंडाळला तरी चालत होतं. ४६ ला तेच केलं तर काहीच नाही. शेजारी एक म्हातारा गृहस्थ होते, त्यांचं दोऱ्याचं रील फिरवणं बघून शिकलो: दोन फेरे, मग थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा, मनात सावकाश पाच मोजा. मासा त्या थांब्यातच धरतो. झटका वगैरे नसतो, दोरा नुसता जड होतो. रॉड उचलून बघितल्यावर त्या जडपणाने डोकं हलवलं की समजायचं.

थांब्यासाठी लुअर पाण्यात अधांतरी राहायला हवा. पण पाणी जितकं गार तितकं घट्ट, ३९ अंशांपर्यंत, त्यामुळे सप्टेंबरात जागेवर तरंगत राहणारा लुअर नोव्हेंबरात हळूहळू वर येतो. उपाय म्हणून मधल्या हुकाच्या दांड्याला शिशाची बारीक तार दोन-तीन वेढे गुंडाळली आणि धक्क्याकडेलाच पाण्यात सोडून बघितलं. तारेचा तुकडा कमी-जास्त करत बरोबर जमलं. (क्लीव्हलँडात शिसं आणि वॉलआय हे शब्द एका वाक्यात आले की लोक हसतात. २०२२ च्या सप्टेंबरात एका स्पर्धेत दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरून वजन वाढवलं होतं. वजन करणाऱ्याने सगळ्यांसमोर मासे कापले. पुढे दोघांना शिक्षा झाली. माझं शिसं हुकावर आहे, पोटात नाही!)

लीडरच्या, म्हणजे दोऱ्याला जोडलेल्या शेवटच्या तुकड्याच्या, टोकाला फक्त स्नॅप (उघडमिट होणारी कडी) ठेवा, स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) नको, त्याने लुअरचं डुलणं मरतं.

पाणी ४२

सरोवरातले पाण्याचं तापमान सांगणारे हवामानाचे बॉय, म्हणजे तरंगती यंत्रं, हिवाळ्याआधी काढून नेतात, त्यामुळे आता दोरीला बांधलेला थर्मामीटर. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. वेणीचा दोरा पाणी ओढतो, म्हणून मोनोफिलामेंट (एकाच तंतूचा दोरा) भरलेलं दुसरं स्पूल घेतलं. तरी दर काही फेकींनंतर रॉडचं टोक पाण्यात बुडवून बर्फ सोडवावा लागतोच. बुटांना खिळ्यांचे पट्टे आणि अंगावर लाइफ जॅकेट. याबाबत वाद नको. या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच काम करेनासे होतात, आणि धक्क्याची भिंत उंच आहे. जाळ्याचा दांडाही त्याच कारणाने लांब हवा.

याच पाण्यात हंगामातला मोठा मिळाला. साडेसत्तावीस इंच. मोठ्या माशांसाठी ओहायो राज्य देतं त्या ‘फिश ओहायो’च्या मानाच्या पिनसाठी २८ लागतात. शेपूट चिमटून दोनदा मोजलं, साडेसत्तावीसच! अंड्यांनी भरलेली मादी होती, परत सोडली. घरी नेले ते १८-२० इंचांचे दोन. मांस पांढरं, गोडसर आणि नाजूक, मालवणी मसाला जपून लावा नाहीतर फक्त मसालाच लागतो. आगळ, हळद, मीठ आणि रवा पुरे. गालाचे दोन तुकडे टाकू नका, ते आधी तळायचे आणि तळणाऱ्यानेच खायचे.

बंदर गोठेपर्यंत अजून थोडे दिवस आहेत. पुढच्या वेळी पाचऐवजी दहा मोजणार, आणि एजवॉटरच्या धक्क्यावरही फेकून बघणार. तिथे शॅड कमी दिसले, पण गर्दीही कमी आहे.